संत्र्याच्या पानांचं अ‍ॅसिड डायजेशन : पर्क्लोरिकशिवाय भागेल का?

पोट्टा_वरुडचा · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

वरुड तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या लॅबमध्ये आहे मी. बीएस्सी केमिस्ट्री. माती परीक्षण आधीपासून सुरू होतं. आता कंपनीने जुनं पण चालतं एएएस (द्रावणातले धातू ज्योतीत मोजणारं मशीन) घेतलंय आणि या बहारापासून संत्र्याच्या पानांची तपासणी सुरू करा म्हणून संचालक मागे लागलेत. जस्त, लोह, मँगनीज, तांबं, जमलं तर पोटॅश आणि कॅल्शियम.

मशीन लावून देणाऱ्या सरांनी रजिस्टरात डायजेशनची, म्हणजे पान अ‍ॅसिडात जाळून द्रावण करायची, पद्धत लिहून ठेवलीय. वाळलेल्या पानांची एक ग्रॅम पूड, त्यावर नायट्रिक आणि पर्क्लोरिक अ‍ॅसिडांचं ९:४ मिश्रण १० मिली, आणि हॉटप्लेटवर पांढरा दाट धूर येऊन द्रावण नितळ होईपर्यंत तापवायचं. कॉलेजात हेच बघितलं होतं, पण तिथे हूड, म्हणजे धूर बाहेर ओढणारी पेटी, धड होता. आमच्याकडे हूड म्हणजे गावच्या सुताराने केलेली प्लायवूडची पेटी, आतून सनमायका, मागे घरगुती एक्झॉस्ट पंखा. लाइटचं सांगायलाच नको. कृषी फीडरचं वेळापत्रक वेगळं, गावठाणचं वेगळं, आणि वादळ आलं की दोन्ही गुल.

पर्क्लोरिकच्या बाटलीवरचं लेबल वाचलं आणि बाटली अजून उघडली नाही. हे अ‍ॅसिड टाळून जस्त-लोहाचे आकडे बरोबर येतील का? कोणी खेड्यातल्या लॅबमध्ये हे काम केलंय का?

---

एमएस्सी_माती · सोमवार, रात्री ९:४८

एवढं घाबरायचं कारण नाही भाऊ. कृषी महाविद्यालयांत पानांचं डायजेशन वर्षानुवर्षं याच दोन अ‍ॅसिडांच्या मिश्रणाने, म्हणजे डायअ‍ॅसिडनेच होत आलंय. आमच्या बॅचच्या सगळ्यांचे प्रबंध त्यावरच झाले. फक्त एक करा, मिश्रण थेट टाकू नका. आधी नुसतं नायट्रिक टाकून रात्रभर ठेवा, सकाळी हळूहळू तापवा, तपकिरी धूर संपला की मग थंड करून डायअ‍ॅसिड. द्रावण कोरडं पडू द्यायचं नाही, २ मिली उरलं की उतरवायचं. नियम पाळले तर काही होत नाही.

---

निळा_लिटमस · सोमवार, रात्री १०:३०

वरच्या प्रतिसादातली कृती बरोबर आहे, निष्कर्षाशी मी सहमत नाही. नियम पाळायला आधी तशी जागा लागते.

मी बुटीबोरीला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ७० टक्क्यांचं पर्क्लोरिक थंड असताना इतर तीव्र अ‍ॅसिडांसारखंच वागतं. तापलं की त्याच्यासारखा ऑक्सिडीकारक दुसरा नाही. ९:४ मिश्रणात काय घडतं ते क्रमाने बघा. नायट्रिक साधारण १२० अंशांला उकळून निघून जातं. मागे उरतं पर्क्लोरिक, ते २०० अंशांपर्यंत चढतं. तोवर पानातला सहज जळणारा भाग नायट्रिकने संपवलेला असेल तर पर्क्लोरिक उरलेलं काम शांतपणे करतं. संपवलेला नसेल, म्हणजे पूड जास्त पडली, घाई झाली, तेलकट नमुना निघाला, तर नळी फुटते. फुटते म्हणजे तडकत नाही, स्फोट होतो. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका इलेक्ट्रोप्लेटिंग कारखान्यात पर्क्लोरिक आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडचं मिश्रण असंच उडालं होतं, १७ माणसं गेली. तिथे टाकीभर होतं, तुमच्याकडे नळीभर असेल. पण नळीपासून तुमचा चेहरा हातभर अंतरावर असतो.

दुसरी गोष्ट तुमच्या पेटीची. पर्क्लोरिकची वाफ गार पृष्ठभागावर जमते. प्लायवूडमध्ये मुरते, पंख्याच्या पात्यांवर, पाइपात बसते, वाळून पर्क्लोरेटचे क्षार होतात. मग कधीतरी कोणी पंखा दुरुस्त करायला स्क्रू ड्रायव्हर लावतो. त्या दिवशी अ‍ॅसिडचं काम सुरूही नसतं. म्हणून या अ‍ॅसिडासाठी वेगळा हूड असतो, लाकूड अजिबात नाही आणि वरपासून खालपर्यंत पाण्याने धुऊन काढायची सोय आतच.

आणि तिसरी तुमच्या लाइटची. लाइट गेली की पंखा त्याच क्षणी थांबतो. ब्लॉक (नळ्या तापवायचा धातूचा ठोकळा) मात्र पुढचा अर्धा-पाऊण तास गरमच राहतो आणि अ‍ॅसिड उकळतच राहतं. हूडच नसल्यात जमा. हे कॉलेजच्या पुस्तकात नसतं कारण पुस्तक लिहिणाऱ्याकडे जनरेटर असतो.

बाटली उघडली नाहीत ते उत्तम केलंत. ती तशीच परत करा.

---

बहार_मृग · मंगळवार, सकाळी ६:५०

राजेहो, मी शेतकरी माणूस. धागा संत्र्याचा दिसला म्हणून आलो. मले एक सांगा, पान कायले अ‍ॅसिडात उकळता? माती तं तुम्ही नुसती पाण्यासारख्या कशात हलवता अन गाळून घेता. पानाले एवढी शिक्षा काहून?

---

पोट्टा_वरुडचा · मंगळवार, सकाळी ८:०५

@बहार_मृग काका, प्रश्न बरोबर आहे. मातीतलं सगळं जस्त झाडाला मिळत नाही, मिळण्याजोगं तेवढंच आपल्याला हवं असतं. म्हणून मातीला डीटीपीए नावाचं रसायन लावतो, ते तेवढंच ओढून आणतं. पानात जे जस्त आहे ते झाडाने आधीच घेतलेलं आहे, ते पूर्ण मोजायचं. आणि ते पेशींत, प्रथिनांत, पेशींच्या भिंतीत अडकून बसलेलं असतं. मशीनला फक्त पातळ, नितळ द्रावण चालतं. मग पान उरतच नाही इतकं जाळावं लागतं, फक्त धातू पाण्यात उरले पाहिजेत. भट्टीत जाळलं तर कोरडी पद्धत, अ‍ॅसिडात जाळलं तर ओली.

@निळा_लिटमस ताई, धन्यवाद. मग पर्याय काय?

---

जुना_ब्युरेट · मंगळवार, दुपारी १:२०

बाळा, पर्याय आहे आणि तुझ्या कामाला पुरेसा आहे. नायट्रिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. मी नोकरीची शेवटची काही वर्षं हेच वापरलं. अकोल्याकडे असतो, निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, तेव्हा नीट सांगतो.

पूड अर्धा ग्रॅम घे, एक नाही. नमुना जितका कमी तितका फेस कमी आणि धोका कमी. कोरड्या नळीत टाक. नळी धुऊन लवकर वाळावी म्हणून कोणी अ‍ॅसिटोन फिरवतात, ते तुझ्या लॅबमध्ये बंद कर. अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिटचा अंश राहिला आणि वर तीव्र नायट्रिक पडलं तर पर्क्लोरिकशिवायही उडतं.

वरून ५ मिली तीव्र नायट्रिक. तोंडावर छोटं काचेचं फनेल ठेव आणि रात्रभर तसंच सोड. ही रात्र चुकवायची नाही. अर्धं पान थंडपणीच विरघळतं. सकाळी ब्लॉक ६० अंशांवर, तासाभराने ९०, मग १२०. घाई केलीस तर दूध उतू जातं तसा फेस फनेलातून वर येतो आणि तो नमुना गेला. तपकिरी धूर विरळ होऊन द्रावण फिकट पिवळं झालं की ब्लॉकवरून काढ, पूर्ण गार होऊ दे. गार म्हणजे हाताला गार. मग ३० टक्के पेरॉक्साइड थेंबाथेंबाने, एकूण एक-दोन मिली. सळसळ थांबली की परत तापव. रंग जवळपास गेला की झालं. गार करून ५० मिलीपर्यंत पाणी घाल, तळाशी पांढरा गाळ दिसेल तो बसू दे किंवा ४२ नंबरच्या फिल्टर कागदातून गाळ.

तो पांढरा गाळ म्हणजे सिलिका. संत्र्यात थोडा, धानाच्या पानात खूप. तो विरघळवायला हायड्रोफ्लोरिक लागतं आणि त्याच्याकडे तुझ्या लॅबने बघायचंही नाही. ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

स्टँडर्ड द्रावणं, म्हणजे मशीन जुळवायला केलेली माहीत प्रमाणाची द्रावणं, नुसत्या पाण्यात करू नकोस. नमुन्यात जेवढं अ‍ॅसिड उरतं साधारण तेवढंच स्टँडर्डमध्ये ठेव, नाही तर ज्योतीत दोन्ही वेगळी वागतात.

---

एमएस्सी_माती · मंगळवार, दुपारी ३:४५

काका, नायट्रिक-पेरॉक्साइडने लोह कमी येतं असं आमच्याकडे सांगायचे. शिवाय ट्रायअ‍ॅसिड म्हणजे जुन्या मिश्रणात सल्फ्युरिकही घातलं तर तापमान चढतं, काम लवकर होतं. त्याचा विचार का नको?

---

जुना_ब्युरेट · मंगळवार, दुपारी ४:३०

लोह थोडं कमी येऊ शकतं, मान्य. कारण त्यातलं काही सिलिकात अडकलेलं असतं. पण तो भाग बहुतेक वेळा पानाचा नसतोच, पानावर बसलेल्या काळ्या मातीचा असतो. पर्क्लोरिकने जो जास्तीचा आकडा येतो त्यात किती पान आणि किती धूळ, हे आधी विचारायला हवं.

सल्फ्युरिक संत्र्याला तर मुळीच नको. संत्र्याच्या पानात कॅल्शियम दोन-तीन टक्के असतं. सल्फ्युरिक पडलं की कॅल्शियम सल्फेट तळाशी बसतं, कॅल्शियमचा आकडा पडतो आणि शिसं मोजायचं असेल तर तेही त्यात जातं. गंधक मोजायचं असेल तर प्रश्नच मिटला. तसंच पर्क्लोरिकने पोटॅशचं होतं. द्रावण गार झालं की पोटॅशियम पर्क्लोरेटचे खडे पडतात, लोक त्याला सिलिका समजून गाळून टाकतात आणि मग शेतकऱ्याला पोटॅशची कमतरता सांगतात.

फक्त नायट्रोजन या पद्धतीने मोजायला जाऊ नकोस. नायट्रिकमध्ये नायट्रोजनच आहे. त्याला केल्डाल पद्धत. मूळ पद्धत १८८३ सालची आहे, आता सल्फ्युरिकसोबत पोटॅशियम सल्फेट आणि थोडं मोरचूद घालतात, पण अजून तीच चालते. सल्फ्युरिकचं खरं काम तिथे. आणि बोरॉन मागितलं तर भट्टीत राख कर. साध्या बोरोसिलिकेट नळीत अ‍ॅसिड उकळवलंस तर नळीतलाच बोरॉन रिपोर्टात येईल.

---

सरकी_पेंड · मंगळवार, रात्री ८:१५

आमच्याकडे पुसदला सरकी आणि सोयाबीनचे नमुने असतात. हीच कृती चालेल का?

---

निळा_लिटमस · मंगळवार, रात्री ८:४०

@सरकी_पेंड, पाव ग्रॅमवर या आणि रात्रभर भिजवणं दुप्पट महत्त्वाचं समजा. तेल नायट्रिकवर तरंगतं, लवकर जळत नाही आणि मग एकदम पेटल्यासारखं फेसाळतं. तेलकट बियांवर पर्क्लोरिक कुणी सुचवलं तर त्यांना हा धागा वाचायला द्या.

---

बहार_मृग · बुधवार, सकाळी ७:०५

मंग मी पानं आणून देतो. सध्या झाडाले मँकोझेब मारून झालं, त्याच्या आधी डिंक्यासाठी बोर्डो मारला होता. चालते ना?

---

जुना_ब्युरेट · बुधवार, सकाळी ९:३०

अ‍ॅसिडची चर्चा दोन दिवस चालली आणि खरी अडचण आत्ता या काकांनी एका ओळीत आणली. रिपोर्ट बिघडतात ते बहुतेक याच पायरीवर.

मँकोझेबमध्ये मँगनीज आणि जस्त दोन्ही आहेत. बोर्डोत मोरचूद, म्हणजे तांबं. अशी पानं तपासली तर तिन्ही आकडे गगनाला भिडतील आणि झाडाच्या पोटात जस्त आहे की नाही हे कळणारच नाही. जस्त सल्फेटच्या फवारणीचंही तेच. धुऊन वरवरचं जातं, पानाच्या मेणात बसलेलं पूर्ण जात नाही. शक्यतो फवारणीनंतर आलेली नवीन पालवी वयात येऊ द्यावी आणि ती घ्यावी. ते शक्य नसेल तर रिपोर्टवर ठळक लिहावं की या नमुन्यात जस्त, मँगनीज, तांबं वाचू नये.

पान कोणतं? फळ नसलेल्या फांदीचं, शेंड्याकडून दुसरं ते चौथं, पाच-सात महिन्यांचं, माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवरचं, झाडाच्या चारही बाजूंनी. पिवळं पान दिसलं म्हणून तेच तोडून आणायचं नाही. पिवळ्या झाडांचा नमुना वेगळा आणि हिरव्यांचा वेगळा करून दोन्ही आणा, तुलना तिथेच होते.

पोट्ट्या, धुण्याचा क्रम लिहून भिंतीवर लाव. पातळ साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक, मग दोनदा डिस्टिल्ड. प्रत्येक ठिकाणी काही सेकंद, भिजत ठेवायचं नाही, नाही तर पोटॅश पाण्यात निघून जातं. आणि पानं ताजी असतानाच धू. वाळल्यावर धुण्यात अर्थ नाही. वर्तमानपत्रावर वाळवू नकोस. ओव्हन ६५ अंश, चुरा होईपर्यंत.

---

पोट्टा_वरुडचा · शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

सगळ्यांचे आभार. संचालकांना धागाच वाचून दाखवला. पर्क्लोरिक परत गेलं.

आज नायट्रिक-पेरॉक्साइडचा पहिला घाणा काढला. संत्र्याची पानं नितळ झाली, रंग अगदी फिका. पण ब्लँकमध्ये, म्हणजे पान न घालता तशीच चालवलेल्या नळीत, जस्त दिसतंय, ०.०६ पीपीएम. तांबं, मँगनीज जवळपास शून्य. फक्त जस्तच का?

---

निळा_लिटमस · शुक्रवार, संध्याकाळी ७:००

०.०६ म्हणजे तुमच्या हिशेबात किती ते आधी बघा. अर्धा ग्रॅम, ५० मिली, म्हणजे शंभराने गुणायचं. मशीनवरचा ०.०६ म्हणजे पानातले ६ पीपीएम. ज्या पानात मुळात वीस असायला हवेत तिथे सहा बाहेरून आले. ब्लँक वजा करता येतो, पण एवढा मोठा ब्लँक प्रत्येक नळीत सारखाच असेल याची खात्री नाही, म्हणून मूळ शोधलेलं बरं.

फक्त जस्तच वाढलंय, म्हणजे संशयित थोडे आहेत. रबर हा पहिला. रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड घालतात. रबरी बूच, पिपेटचा फुगा, हातमोज्यांची पावडर. दुसरा गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा टाकी, डिस्टिलेशनला येणारं पाणी त्यातून येतं का? पाणी, नुसतं पातळ केलेलं नायट्रिक, आणि पूर्ण प्रक्रियेतून गेलेला ब्लँक, तिन्ही वेगवेगळे मशीनला लावा. जिथे आकडा उडी मारतो तिथे चोर.

पुढच्या घाण्यापासून एक ब्लँक पुरत नाही, तीन ठेवा.

---

पोट्टा_वरुडचा · शनिवार, दुपारी १२:४०

ताई, पाणी स्वच्छ, पातळ अ‍ॅसिड स्वच्छ. पूर्ण प्रक्रियेच्या ब्लँकमध्येच येतंय. फनेलं रबरी चटईवर उलटी वाळवत होतो आणि हातमोजे पावडरवाले. आता फनेलं १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवून, डिस्टिल्डने खळबळून, डब्यात झाकून ठेवतोय. मोजे बिनपावडरचे मागवले.

---

वैनगंगा_काठ · शनिवार, दुपारी २:२५

अवांतर वाटेल पण इथेच विचारतो. भंडारा जिल्ह्यातल्या मालगुजारी तलावांतले मासे तपासायचे आहेत. आमच्या धीवर सोसायटीला माशांतला पारा बघायचा आहे. उघड्या नळीत हीच कृती करून एखाद्या लॅबला द्रावण पाठवलं तर?

---

निळा_लिटमस · शनिवार, दुपारी ३:१०

पाऱ्याला ही कृती नाही. पारा वाफ होऊन उडतो. उघड्या नळीत १२० अंशांवर तासन् तास ठेवलात तर काही भाग तुमच्या खोलीत जाईल आणि रिपोर्टात मासा निर्दोष ठरेल. भट्टीत राख केली तर काहीच उरणार नाही. त्याला बंद भांडं लागतं. टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या जाड नळ्या, झाकण घट्ट, मायक्रोवेव्हमध्ये १८०-२०० अंश. दाबाखाली असल्यामुळे नायट्रिक स्वतःच्या उकळबिंदूच्या वर जातं, म्हणून पर्क्लोरिकशिवाय चरबीही जळते. मायक्रोवेव्हने नमुने जाळायची कल्पना १९७५ मध्ये आली तेव्हा लोकांनी घरगुती ओव्हन वापरले होते. आज कोणी तसं करू नये. लॅबच्या यंत्रात दाब आणि तापमान दोन्हीवर नजर असते.

मासा बर्फात किंवा गोठवून पाठवा, द्रावण नको. उकळतं असो की थंड, अ‍ॅसिड कुरिअरने जातच नाही. आणि रिपोर्ट ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हे विचारून घ्या. माशात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. कोरड्या वजनावरचा आकडा चार-पाचपट मोठा दिसतो, आणि खाण्याच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात. यातच गावागावांत घबराट पसरते.

---

वैनगंगा_काठ · शनिवार, दुपारी ३:३०

एवढं कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

---

एमएस्सी_माती · रविवार, सकाळी १०:१५

वरची चर्चा वाचून माझं मत थोडं बदललंय, पण एक शंका आहे. पद्धत बदलली, रसायन बदललं, आता आकडा खरा कशावरून? डायअ‍ॅसिडच्या आकड्यांशी निदान वर्षानुवर्षांची तुलना होती.

---

जुना_ब्युरेट · रविवार, सकाळी ११:४०

हा प्रश्न पद्धत बदलली नाही तरी विचारायला हवा होता. अमेरिकेच्या निस्ट या मोजमाप-मानकांच्या संस्थेकडे प्रमाणित पानं मिळतात, सफरचंदाची १५१५ नंबरची, पीचची १५४७. पूर्वी चक्क लिंबूवर्गीय पानांचा १५७२ सुद्धा होता. त्यात जस्त किती, लोह किती, हे ठरलेलं असतं. आपण तेच पान आपल्या पद्धतीने जाळायचं आणि आकडा जुळतो का बघायचं. छोटी बाटलीही महाग पडते, पण एकदा घेतली की बरीच वर्षं जपून वापरता येते.

रोजच्यासाठी घरचा नमुना करावा. एका बागेतून भरपूर पानं घ्यायची, धुऊन वाळवून एकजीव दळायची, दोन चांगल्या लॅबकडून तपासून घ्यायची आणि बरणी कोरड्या जागी ठेवायची. प्रत्येक घाण्यात एक नळी त्या बरणीची. आकडा भरकटला तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही. हे लॅबमधल्या साहेबाने नाही, नळ्या भरणाऱ्यानेच ठरवायचं.

दळायचं यंत्र कोणतं आहे? पितळी चाळणी असेल तर तांबं-जस्त तिथून येईल.

---

पोट्टा_वरुडचा · रविवार, दुपारी १:००

स्टीलचं मिक्सर-भांडं आहे काका, चाळणी नायलॉनची घेतली. आता खरी गंमत. पाच बागांचे नमुने काढले. जस्त १६ ते २२ पीपीएम. सरांनी दिलेल्या तक्त्यात लिहिलंय २५ च्या खाली म्हणजे कमतरता. म्हणजे पाचही बागा कमतरतेच्या? त्यातल्या दोन बागा तर झकास आहेत.

---

जुना_ब्युरेट · रविवार, दुपारी २:१५

तो तक्ता फ्लोरिडाचा. तिथे २५ ते १०० योग्य धरतात. तिथली जात वेगळी, खुंट (ज्यावर कलम करतात ते झाड) वेगळा, वाळूची जमीन. नागपुरी संत्र्यासाठी नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथल्याच बागांवरून वेगळे निकष काढले आहेत, त्यात जस्ताची योग्य पातळी साधारण १४ ते ३० येते. तक्ता बदल. चुकीच्या तक्त्याने बरोबर आकडाही शेतकऱ्याला जस्त सल्फेटची पोती घ्यायला लावतो.

---

बहार_मृग · रविवार, दुपारी २:४०

दुकानदाराकडचा तक्ता कोणता असते ते आता समजलं.

---

निळा_लिटमस · रविवार, रात्री ८:५०

धागा आकड्यांकडे गेला, पण पर्क्लोरिक गेलं म्हणून निर्धास्त होऊ नका. नायट्रिकचा तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. श्वासातून गेला तर तेव्हा थोडा खोकला येतो, थांबतो, माणूस घरी जाऊन जेवतो आणि रात्री फुप्फुसात पाणी भरतं. पुढच्या एक-दोन दिवसांतही होऊ शकतं. कुणाला जास्त धूर लागला तर बरं वाटतंय म्हणून सोडू नका, दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना गॅसचं नाव सांगा. नाव कागदावर लिहून हूडवर चिकटवा, म्हणजे नेणाऱ्याला रसायनशास्त्र येत नसलं तरी चालेल. कातडीवर उडालं तर भरपूर पाणी, किमान पंधरा मिनिटं. चुना, सोडा काही चोळायचं नाही.

इन्व्हर्टरचं सांगायचं राहिलं. तुमच्याकडे एकच असेल तर तो मशीनला नाही, संगणकाला नाही, हूडच्या पंख्याला लावा. हॉटप्लेट मात्र त्यावर नको. लाइट गेली की तापवणं आपोआप बंद, पंखा सुरू. प्लायवूडची पेटीही हळूहळू बदला, नायट्रिकच्या वाफा लाकूड खातातच. सिमेंट शीट आणि पीव्हीसी पाइपचा पंखा फार महाग नाही. पाइपाचं तोंड शेजारच्या अंगणाकडे नाही ना, तेही बघा.

---

सरकी_पेंड · रविवार, रात्री ९:२०

उरलेलं अ‍ॅसिड कुठे टाकता? आमच्याकडे मागच्या नालीत जातं असं ऐकलंय.

---

जुना_ब्युरेट · सोमवार, सकाळी ८:१०

नालीत नाही. आधी प्लास्टिकच्या टबात भरपूर पाणी, मग त्यात अ‍ॅसिड हळूहळू, कधीही उलट नाही. मग चुन्याची निवळी ढवळत टाकायची, लिटमस कागद शांत होईपर्यंत. तळाशी धातूंचा गाळ बसतो तो वेगळा डब्यात साठवायचा, उकिरड्यावर नाही. स्पिरिट, अ‍ॅसिटोन यांची बाटली त्या टबाजवळ फिरकता कामा नये.

पानांच्या नमुन्यातून फार धातू निघत नाही, पण स्टँडर्ड द्रावणं उरतात त्यांच्यात असतो. ती बेसिनमध्ये ओतायची सवय बहुतेकांना असते.

---

पोट्टा_वरुडचा · सोमवार, सकाळी ९:००

चुना आजच आणतो. पंख्याला इन्व्हर्टर जोडायला इलेक्ट्रिशियन दुपारी येतोय.

@बहार_मृग काका, तुमची पानं या आठवड्यात घेत नाही. मँकोझेब मारलं त्या दिवसाची तारीख आणि त्यानंतर पालवी कवा फुटली ते सांगा, मग मी स्वतः येऊन फांद्यांना दोरा बांधून जातो.

---

बहार_मृग · सोमवार, सकाळी ९:२५

तारीख डायरीत हाय, संध्याकाळी टाकतो. पण दोरा लाल आणजा. निळा मी जो खुंट बदलाचा हाय त्याले बांधला हाय.